पिकअप, ट्रान्सफर, बीटा

लग्नाला दोन-अडीच वर्षं झाली आणि घरात 'अजून काही नाही का?' सुरू झालं, की आपल्याकडे तपासणीला आधी सून जाते. तिची रक्ततपासणी, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीतून तपासणीसुद्धा होऊन जाते. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र शेवटी, तीही डॉक्टरांनी दोनदा बजावल्यावर. खरं तर या सगळ्यात सोपी, स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी तीच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणाच्या जोडीला. ते कळायला दोन वर्षं लागली तर ती दोन वर्षं बायकोच्या बीजांच्या वयातून वजा होतात.

कुठलंही साधन न वापरता बारा महिने संबंध येऊनही दिवस जात नसतील, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला वंध्यत्व म्हणते. आयुष्यात कधी ना कधी जगातल्या सहांपैकी एका प्रौढ व्यक्तीला हा अनुभव येतो, असं तिच्या २०२३ च्या अहवालात म्हटलं आहे. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच डॉक्टरांकडे जावं.

बाईकडच्या कारणांत बंद नळ्या हे एक मोठं कारण, आणि आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे अनेकदा क्षयरोग असतो. तो छातीतून रक्तावाटे गर्भनलिकांत पोचतो आणि वर्षानुवर्षं तिथे दबा धरून बसतो. ना खोकला, ना ताप. पाळीही कित्येकींना नियमित येत राहते. मूल होत नाही म्हणून एक्स-रे काढला, तर दोन्हीकडचा रस्ता बंद.

आयव्हीएफ मुळात अशाच बायकांसाठी जन्माला आलं. बीज आणि शुक्राणू यांची भेट नळीत होते. नळी बंद असेल तर ही भेट बाहेर घडवून गर्भ थेट पिशवीत सोडायचा. केंब्रिजच्या रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६९ साली मानवी बीजाचं शरीराबाहेर फलन झाल्याचं प्रसिद्ध केलं. तिथून मूल जन्मायला नऊ वर्षं लागली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९७१ मध्ये पैसे नाकारले. तरीही एडवर्ड्स, शल्यविशारद पॅट्रिक स्टेप्टो आणि प्रयोगशाळा सांभाळणारी परिचारिका जीन पर्डी यांनी काम रेटलं. २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅममध्ये लुईस ब्राउन जन्मली. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. २०१० चं नोबेल मिळालं तेव्हा तिघांपैकी एकटे एडवर्ड्स हयात होते.

लुईसनंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. तिचं नाव दुर्गा म्हणून जगापुढे आलं. ओल्डहॅमच्या चमूने पाळीच्या नैसर्गिक चक्रात तयार झालेलं एकच बीज घेतलं होतं. मुखर्जींनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन बीजं वाढवली, गर्भ गोठवला आणि पुढच्या एका पाळीत तो पिशवीत सोडला. आजच्या केंद्रांत जे चालतं ते ओल्डहॅमपेक्षा कोलकात्याच्या पद्धतीला जवळचं आहे. पण पश्चिम बंगाल सरकारच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. ही हकिगत वाचताना आजही राग येतो, आणि तो यावाच.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून मुलगी जन्मली, तेव्हा देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. आनंद कुमार तेव्हा परळच्याच प्रजननविषयक संशोधन संस्थेत होते. पुढे मुखर्जींचे कागद त्यांच्या हाती आले, त्यांनी ते बारकाईने तपासले आणि १९९७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. आपल्या नावावर जमा असलेला मान पुरावे मांडून दुसऱ्याला देणारा असा शास्त्रज्ञ विरळा.

उपचार घेणाऱ्या बायकांच्या तोंडी या प्रवासाचे टप्पे ठरलेले असतात: सायकल, पिकअप, ट्रान्सफर, बीटा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू होतात आणि आठ-बारा दिवस पोटात टोचून घ्यावी लागतात. मधेमधे सोनोग्राफीत बीजकोष मोजले जातात. ते पुरेसे वाढले की बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, बहुधा रात्री, ठरलेल्या मिनिटाला. त्यानंतर साधारण पस्तीस तासांनी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजं ओढून घेतात. हा पिकअप. काही जणींचे बीजकोष औषधांना जास्त प्रतिसाद देतात, पोटात पाणी होतं, धाप लागते, क्वचित अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. दोष शुक्राणूंत असला तरी हे सगळं तिच्याच अंगावर.

प्रयोगशाळेत मग ते बीज येतं, मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं. शुक्राणू पुरेसे असतील तर बशीत बीजाभोवती हजारो सोडतात. ते फारच कमी किंवा मंद असतील तर इक्सी करतात, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात; १९९२ साली ब्रुसेल्सच्या चमूने त्यातून झालेल्या गर्भधारणा प्रसिद्ध केल्या आणि पुरुषांच्या वंध्यत्वावर खऱ्या अर्थाने इलाज मिळाला. सूक्ष्मदर्शकाखाली एक शुक्राणू निवडायचा, काचेच्या सुईने त्याची शेपटी दाबून त्याला थांबवायचं, शेपटीकडून सुईत ओढायचं. दुसऱ्या बाजूने एका बोथट नळीने बीज हलकेच धरलेलं असतं. सुई पटल भेदून आत जाते आणि शुक्राणू तिथे ठेवून बाहेर येते. सोळा-अठरा तासांनी बीजात दोन केंद्रकं शेजारीशेजारी दिसली की फलन झालं. पुढचे तीन ते पाच दिवस गर्भ सदतीस अंश तापमानाच्या इन्क्युबेटरमध्ये वाढतो.

इथे जोडप्यांना एक हिशेब आधीच समजावून सांगायला हवा, आणि तो फार कमी ठिकाणी नीट सांगितला जातो. पिकअपला दहा बीजं मिळाली म्हणजे दहा गर्भ नव्हेत. साधारण आठ पक्व निघतात, पाच-सहांचं फलन होतं, पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन टिकतात. त्यातला चांगला गर्भ पिशवीत सोडला, म्हणजे ट्रान्सफर झाली, तरी तो रुजेलच असं नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक केंद्राला आपले निकाल नियामक संस्थेला कळवावे लागतात. तिथल्या २०१९ च्या आकड्यांत पस्तिशीच्या आतल्या बायकांमध्ये सोडलेल्या दर शंभर गर्भांमागे बत्तीसच्या आसपास जन्म झाले. स्वतःची बीजं वापरणाऱ्या त्रेचाळिशीपुढच्या बायकांत पाचच्या आसपास. वयाबरोबर बीजातल्या गुणसूत्रांच्या चुका वाढतात, आणि त्या दुरुस्त करणारं इंजेक्शन अजून कुणाकडे नाही.

म्हणून हमखास यशाची पाटी दिसली की सावध व्हावं. गर्भ रुजला का हे सांगणारी रक्तातली बीटा तपासणी पॉझिटिव्ह येणं आणि मूल घरी येणं यांत आठेक महिन्यांचं अंतर आहे, आणि जाहिरातीतली टक्केवारी यातली नेमकी कुठली ते स्पष्ट नसतं. 'माझ्या वयाच्या, माझ्यासारखं कारण असलेल्या किती जणींची बाळंतपणं तुमच्याकडे झाली?' हा प्रश्न विचारायला संकोचू नये. पिशवीला ओरखडा काढणं, प्रतिकारशक्तीची इंजेक्शनं असे जोडउपचार पुराव्याशिवाय बिलात चढत असतात, त्यांच्याबद्दलही विचारावं. दोन-तीन गर्भ एकदम सोडायचा आग्रह जोडप्यांनीही धरू नये. जुळी-तिळी ऐकायला गोड वाटतात, पण अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत आठवडे काढतात.

मुलगाच हवा म्हणून या तंत्राकडे वळणारे आहेत, हेही दडवू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ मध्ये पहिल्यांदा महाराष्ट्राने केला. देशाच्या कायद्यात २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा आहे. सहाय्यक प्रजननाच्या २०२१ च्या कायद्याने केंद्रांची नोंदणी सक्तीची केली आणि वयाची मर्यादा घातली: बाईला एकवीस ते पन्नास, पुरुषाला एकवीस ते पंचावन्न.

मला सलतं ते वेगळंच. १९८६ मध्ये हा उपचार मुंबईत आला तो महापालिकेच्या रुग्णालयात, सरकारी संशोधन संस्थेचा हात लागल्याने. आज तो प्रामुख्याने खासगी केंद्रांत मिळतो. एका सायकलला औषधांसकट लाख-दोन लाख लागतात, बहुतेक आरोग्य विमे तो खर्च देत नाहीत, आणि पहिली सायकल फेल गेली की दागिने गहाण पडतात, शेताचा तुकडा विकला जातो. क्षयाने नळ्या गेलेली बाई अनेकदा गरीब वस्तीतली असते. ज्या आजाराचा मोफत इलाज सरकार आपलं कर्तव्य मानतं, त्याच आजाराने केलेल्या नुकसानीची भरपाई मात्र तिने कर्ज काढून करायची, हे मला पटत नाही.

गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये ही सेवा मोफत सुरू झाली. महाराष्ट्रातही प्रत्येक विभागातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ती व्हायला हवी. त्यासाठी नुसती इमारत आणि यंत्रं पुरणार नाहीत. गर्भ रविवारी आणि सणालाही वाढत असतो, त्यामुळे कायमस्वरूपी भ्रूणतज्ज्ञांची पदं भरावी लागतील, वीज गेली तर इन्क्युबेटर क्षणभरही थंड पडू नये अशी सोय करावी लागेल, आणि औषधांची खरेदी निविदेत अडकून एखादीची सायकल अर्ध्यावर सोडावी लागणार नाही हे पाहावं लागेल. आणि अशा केंद्रात पहिल्या भेटीच्या केसपेपरवर तिच्या तपासण्यांच्या आधी नवऱ्याची वीर्यतपासणी लिहिलेली असावी.