बालीतली जीप सफारी: रीलमध्ये न दिसणारा भाग

पहाटेचा लालसर उजेड, खाली ढगांचा थर आणि जुन्या जीपच्या टपावर बसलेलं जोडपं. इन्स्टाग्रामवरचं हे रील तुम्हीही पाहिलं असेल. ही जागा म्हणजे इंडोनेशियातल्या बाली बेटावरचा माउंट बातूर, १,७१७ मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी. पण या सफारीत नेमकं काय होतं?

दिवस कधी सुरू होतो?
मध्यरात्रीनंतर. बालीत वर्षभर सूर्य साधारण सहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो. उबुडहून किंतामणीला पोहोचायला तास-दीड तास लागतो, समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांतून त्याहून जास्त. म्हणून गाडी रात्री दोन-तीनलाच दारात येते.

जीप शिखरावर जाते का?
नाही. इथेच अनेकांचा हिरमोड होतो. जीप उतारावरच्या ठरलेल्या जागेपर्यंतच जाते. शिखर गाठायचं तर अंधारात दोनेक तास चढावं लागतं. जीपच्या जागेवरून समोर बातूर सरोवर आणि पलीकडे माउंट आगुंग दिसतो, तोही ढग नसतील तर. आणि तिथे तुमची एकटीच जीप नसते, रांगच असते.

काळी जमीन कसली?
दुसरा थांबा असतो लाव्हाच्या काळ्या, खडबडीत पठारावर. हा १९६३च्या उद्रेकाचा लाव्हा. त्याआधी १९२६ साली तर बातूर गावच लाव्हाखाली गेलं. गावकऱ्यांनी मंदिर आणि घरं वर डोंगरकड्यावर नव्याने उभारली. फोटो काढताना एवढं लक्षात असू द्या.

काळजी काय घ्यायची?
जीप बहुतेक जुन्या आणि उघड्या असतात, हादरे चांगलेच बसतात. गरोदर महिला आणि पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी हा बेत टाळलेला बरा. सीटबेल्ट आहे का, हे बुकिंगआधीच विचारा. टपावर बसायचं ते जीप उभी असतानाच. प्रवास विम्यात असा प्रकार धरला आहे का, तेही तपासा. जॅकेट, बूट आणि धुळीसाठी मास्क जवळ ठेवा. पहाटे तिथे चांगलीच थंडी असते.

कधी जावं?
एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. तरीही आकाश मोकळं मिळेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. सूर्योदय ढगात गेला, तरी लाव्हाचं पठार आणि सरोवर कुठे जात नाही. तेवढ्यासाठी झोपमोड करायची तयारी असेल, तरच बुकिंग करा.