लक्षद्वीप मतदारसंघ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लक्षद्वीप हा लोकसभेच्या ५४३ मतदारसंघांपैकी सर्वांत कमी मतदारांचा मतदारसंघ आहे. अरबी समुद्रातील या केंद्रशासित प्रदेशाचा एकूण भूभाग ३२ चौरस किलोमीटर आहे. कवरत्ती, अगत्ती, अमिनी, आंद्रोत, कदमत, कल्पेनी, किल्तान, चेतलत, बित्रा आणि मिनिकॉय या दहा बेटांवर वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती आणि २०२४ च्या निवडणुकीत मतदार सुमारे ५८ हजार होते. महाराष्ट्रात विधानसभेच्या एकेका मतदारसंघातच सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार असतात. आकाराच्या या तफावतीमुळे लक्षद्वीपच्या निवडणुकीकडे गमतीची बाब म्हणून पाहिले जाते आणि तिच्याविषयी बरेच गैरसमज रूढ होतात. त्यांतील प्रमुख गैरसमज आणि त्यांमागची वस्तुस्थिती पुढे दिली आहे.

गैरसमज १ : लक्षद्वीप केरळमध्ये मोडतो, तेथील खासदार केरळच्या वाट्यातला असतो.

वस्तुस्थिती : केरळच्या वाट्याला लोकसभेच्या २० जागा आहेत आणि लक्षद्वीपची जागा त्यांत धरलेली नाही. ही बेटे पूर्वी मद्रास राज्याच्या मलबार आणि दक्षिण कानडा या जिल्ह्यांना जोडलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा त्यांचा वेगळा केंद्रशासित प्रदेश करण्यात आला. तेव्हाचे ‘लक्कादीव, मिनिकॉय आणि अमिनदिवी बेटे’ हे लांबलचक नाव जाऊन ‘लक्षद्वीप’ हे नाव १९७३ मध्ये आले. केरळशी नाते आहे ते भाषेचे, दळणवळणाचे आणि न्यायालयाचे. बहुतेक बेटांवर मल्याळमची बोली चालते, बोटी कोचीहून सुटतात आणि प्रदेश केरळ उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. मिनिकॉय मात्र भाषेच्या बाबतीतही वेगळे आहे; तेथे मालदीवच्या दिवेही भाषेशी जवळीक असलेली महल भाषा बोलली जाते.

गैरसमज २ : इतक्या थोड्या लोकांना स्वतंत्र खासदार देणे हा नियमाचा भंग आहे.

वस्तुस्थिती : लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण शक्यतो सारखे ठेवावे, हे सूत्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ८१ मध्ये राज्यांसाठी आहे. राज्यांमध्येही ६० लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्यांना ते लागू नाही. गोव्यासारख्या छोट्या राज्याला लोकसभेच्या दोन जागा आहेत, त्या राज्यांच्या सरासरीच्या हिशेबाने ठरलेल्या नाहीत. केंद्रशासित प्रदेशांसाठी घटनेने जास्तीत जास्त २० जागांची मर्यादा घातली आहे आणि त्या कशा भरायच्या हे ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. म्हणजे लक्षद्वीपची जागा नियमातूनच आलेली आहे. जो प्रदेश कोणत्याही राज्यात नाही, त्याला लोकसभेत आवाज मिळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

गैरसमज ३ : देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लक्षद्वीपमध्ये खासदारासाठी मतदान होत आले आहे.

वस्तुस्थिती : १९५२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघच नव्हता. केंद्रशासित प्रदेश झाल्यावर १९५७ आणि १९६२ च्या लोकसभेत बेटांचा प्रतिनिधी राष्ट्रपतींनी नेमला. या काळात के. नल्लाकोया थंगल यांनी काम पाहिले. प्रत्यक्ष निवडणुकीची तरतूद १९६५ च्या कायद्याने झाली आणि बेटांवरील मतदारांनी आपला खासदार पहिल्यांदा १९६७ मध्ये निवडला. देशातील इतर मतदार तोपर्यंत तीन सार्वत्रिक निवडणुका पाहून चुकले होते.

गैरसमज ४ : ही जागा मुस्लिमांसाठी राखीव आहे.

वस्तुस्थिती : लोकसभेची कोणतीही जागा धर्माच्या आधारावर राखीव नसते. लक्षद्वीपची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. बेटांवरील जवळजवळ सर्व मूळ रहिवासी मुस्लिम आहेत आणि तेच अनुसूचित जमातीत मोडतात, म्हणून ही गल्लत होते. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ९५ टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत. येथे जमातीची ओळख विशिष्ट समाजाच्या नावावरून ठरत नाही. जो स्वतः आणि ज्याचे आईवडील दोघेही या बेटांवर जन्मले, तो अनुसूचित जमातीचा, अशी ही व्याख्या आहे. यातून एक अडचण उभी राहिली. बाळंतपणासाठी आई मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात गेली, तर तेथे जन्मलेले मूल व्याख्येबाहेर पडत असे. म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. बेटवासीयांचे मूल मुख्य भूमीवर जन्मले तरी, ते पुढे बेटांवर कायम स्थायिक झाले असल्यास, त्याचा जन्म बेटांवरचाच मानला जातो.

गैरसमज ५ : जागा राखीव आहे, म्हणून मतही अनुसूचित जमातीच्याच लोकांना देता येते, आणि देशातील कोणत्याही आदिवासीला येथून निवडणूक लढवता येते.

वस्तुस्थिती : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आरक्षण उमेदवारीला असते. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण मत देऊ शकतो, त्यात बेटांवर राहणारे इतर समाजांतील नागरिकही आले. उमेदवारीचा नियम मात्र येथे नेहमीपेक्षा कडक आहे. नंदुरबार, पालघर, दिंडोरी किंवा गडचिरोली-चिमूर या महाराष्ट्रातील राखीव मतदारसंघांत दुसऱ्या राज्यातील अनुसूचित जमातीची व्यक्तीही कायद्याने उभी राहू शकते. देशात कोठेतरी लोकसभेची मतदार असली म्हणजे पुरे. लक्षद्वीपसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात वेगळे कलम आहे. त्यानुसार उमेदवार तेथीलच अनुसूचित जमातीचा आणि तेथीलच मतदार असावा लागतो. त्यामुळे देशभरातील बडे नेते ‘सुरक्षित मतदारसंघ’ म्हणून येथे अर्ज भरू शकत नाहीत.

गैरसमज ६ : मतदारसंघ छोटा, म्हणून मतदान घेणे सोपे.

वस्तुस्थिती : ३२ चौरस किलोमीटर जमीन एका ठिकाणी नाही. बेटे कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर समुद्रात विखुरलेली आहेत. प्रदेशाचा सागरी हद्दीचा भाग २० हजार चौरस किलोमीटर, तर आर्थिक क्षेत्र सुमारे चार लाख चौरस किलोमीटर आहे. मिनिकॉय आणि बाकीची बेटे यांच्या मध्ये ‘नाइन डिग्री चॅनेल’ ही जवळपास २०० किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे. मतदानयंत्रे आणि कर्मचारी जहाजाने, बोटीने किंवा हेलिकॉप्टरने न्यावे लागतात. बित्रा बेटाची लोकसंख्या २०११ मध्ये अवघी २७१ होती, तरी तेथील मतदाराला शेजारच्या बेटावर मत द्यायला जा, असे सांगता येत नाही. मतदानाची टक्केवारी मात्र देशाच्या सरासरीपेक्षा बरीच वर असते : २०१९ मध्ये सुमारे ८५ आणि २०२४ मध्ये सुमारे ८४ टक्के.

गैरसमज ७ : लक्षद्वीप हा एकाच घराण्याचा बालेकिल्ला आहे, निकाल आधीच ठरलेला असतो.

वस्तुस्थिती : या समजाला जुना आधार आहे. पी. एम. सईद १९६७ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. लोकसभेसाठी किमान वय २५ असते आणि त्यांनी ते नुकतेच गाठले होते. पुढे काँग्रेसमध्ये गेलेल्या सईद यांनी १९९९ पर्यंत सलग दहा निवडणुका जिंकल्या आणि १९९८ ते २००४ या काळात ते लोकसभेचे उपाध्यक्ष होते.

या मालिकेचा शेवट २००४ मध्ये झाला. संयुक्त जनता दलाचे डॉ. पी. पूकुन्हीकोया यांना १५,५९७ मते मिळाली, सईद यांना १५,५२६. फरक ७१ मतांचा. दहा वेळा जिंकलेला उमेदवार एका वाडीत मावतील इतक्या मतांनी पडला. २००९ मध्ये सईद यांचे पुत्र हमदुल्ला सईद यांनी काँग्रेससाठी जागा २,१९८ मतांनी परत मिळवली. २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे मोहम्मद फैजल १,५३५ मतांनी आणि २०१९ मध्ये ८२३ मतांनी जिंकले. २०२४ मध्ये हमदुल्ला सईद यांनी २५,७२६ मते मिळवून फैजल यांचा २,६४७ मतांनी पराभव केला. वीस वर्षांत पाच निवडणुका झाल्या, तीन वेगवेगळ्या पक्षांनी जागा जिंकली आणि एकदाही मताधिक्य तीन हजारांवर गेले नाही. त्याला बालेकिल्ला म्हणता येत नाही.

भारतात इतरत्र असतो तोच नियम येथेही आहे : ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी, निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट नाही. २०१९ मध्ये फैजल यांना २२,८५१ मते होती, म्हणजे झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून थोडी कमीच.

गैरसमज ८ : चुरशीचे निकाल छोट्या मतदारसंघातच लागतात.

वस्तुस्थिती : मतदारसंख्या आणि चुरस यांचा थेट संबंध नाही. २०२४ मध्ये सर्वांत कमी फरकाचा निकाल मुंबई वायव्य मतदारसंघात लागला. तेथे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते मिळाली. फरक ४८ मतांचा. लोकसभेचा आजवरचा सर्वांत कमी फरक नऊ मतांचा आहे. तो १९८९ मध्ये आंध्रातील अनकापल्लीत आणि १९९८ मध्ये तेव्हाच्या बिहारमधील राजमहलमध्ये नोंदला गेला. लक्षद्वीपमधली ७१ मते टक्क्यांत मोजली, तर ती मुंबई वायव्यमधल्या ४८ मतांपेक्षा कितीतरी मोठी ठरतात.

गैरसमज ९ : राष्ट्रवादीचे ‘घड्याळ’ येथे चालते, म्हणून ते चिन्ह ज्याच्याकडे त्याला मते.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात जन्मलेल्या या पक्षाने लक्षद्वीपची जागा दोनदा घड्याळ चिन्हावर जिंकली, हे खरे. पक्षफुटीनंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह अजित पवार गटाला दिले. फैजल शरद पवार गटात राहिले. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अजित पवार गटानेही उमेदवार दिला आणि भाजपने त्याला पाठिंबा दिला. त्या उमेदवाराला २०१ मते पडली, तर फैजल यांना २३,०७९. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मते न मिळाल्यास अनामत जप्त होते; २०१ मतांना ती वाचणे शक्यच नव्हते. मतदार चिन्हाकडे नाही, उमेदवाराकडे पाहत होता, एवढे या आकड्यांतून स्पष्ट होते.

गैरसमज १० : खासदाराला शिक्षा झाली की जागा कायमची रिकामी होते आणि पोटनिवडणूक अटळ ठरते.

वस्तुस्थिती : दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाल्यास सदस्यत्व तत्काळ जाते, पण वरिष्ठ न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, तर अपात्रताही थांबते. २०२३ मध्ये लक्षद्वीपमध्ये याचे प्रात्यक्षिकच घडले. ११ जानेवारीला कवरत्तीच्या सत्र न्यायालयाने फैजल यांना खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा सुनावली. दोन दिवसांत लोकसभा सचिवालयाने त्यांना अपात्र ठरवले आणि १८ जानेवारीला निवडणूक आयोगाने २७ फेब्रुवारीची पोटनिवडणूक जाहीर केली. २५ जानेवारीला केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केली आणि आयोगाने पोटनिवडणूक थांबवली. सदस्यत्व परत मिळायला २९ मार्च उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने या वेळी स्थगिती नाकारल्याने ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा अपात्र ठरले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला आणि नोव्हेंबरमध्ये सदस्यत्व दुसऱ्यांदा बहाल झाले. जाहीर झालेली ती पोटनिवडणूक अखेर झालीच नाही.

गैरसमज ११ : लक्षद्वीपला विधानसभा आहे, निदान राज्यसभेत तरी प्रतिनिधी आहे.

वस्तुस्थिती : दोन्हीही नाही. केंद्रशासित प्रदेशांपैकी दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर यांनाच विधानसभा आहे आणि राज्यसभेच्या जागाही त्यांनाच आहेत. लक्षद्वीपमध्ये राष्ट्रपतींनी नेमलेला प्रशासक कारभार पाहतो. अनुच्छेद २४० नुसार राष्ट्रपती या प्रदेशासाठी संसदेच्या कायद्याइतकेच बळ असलेले विनियम काढू शकतात. निवडून येणारी स्थानिक सत्ता म्हणजे बेटांवरील द्वीप पंचायती आणि त्यांवर एक जिल्हा पंचायत. त्यांना कायदे करण्याचा अधिकार नाही आणि जी खाती त्यांच्याकडे सोपवली जातात ती काढूनही घेता येतात. २०२१ मध्ये शिक्षण, आरोग्य, शेती, मत्स्यव्यवसाय आणि पशुसंवर्धन ही पाच खाती जिल्हा पंचायतीकडून प्रशासनाने परत घेतली.

गैरसमज १२ : मतदार थोडे, म्हणून या खासदाराचे वजनही कमी.

वस्तुस्थिती : सभागृहात मतदान होते तेव्हा ५८ हजार मतदारांच्या खासदाराचे एक मत आणि ३७ लाखांहून अधिक मतदार असलेल्या तेलंगणातील मल्काजगिरीच्या खासदाराचे एक मत सारखेच मोजले जाते. २०२२ च्या राष्ट्रपती निवडणुकीत प्रत्येक खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते, लक्षद्वीपच्या खासदाराचेही तेवढेच. स्थानिक विकासासाठीचा खासदार निधी सर्वांना वर्षाला पाच कोटी रुपये मिळतो. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा मात्र मोठ्या राज्यांत ९५ लाख, तर लक्षद्वीपमध्ये गोव्याप्रमाणेच ७५ लाख रुपये आहे.

महाराष्ट्रातील मतदाराचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य असतात आणि त्यांच्याखेरीज २८८ आमदारांची विधानसभा असते. लक्षद्वीपच्या मतदाराला कायदे करणाऱ्या सभागृहात पाठवण्यासाठी पाच वर्षांतून एकदा एकच माणूस निवडता येतो.