पत्रमित्राला लिहिलेली जर्मन

जर्मनीहून पत्रांचा गठ्ठा आला, की आमच्या आठवीच्या वर्गात पहिली अडचण येते ती आकड्यांची. तिकडची मुलं एकचा आकडा काढताना आधी लांब तिरकी रेघ वर नेतात आणि मग सरळ खाली येतात. आपल्या मुलांना तो सात वाटतो. खऱ्या सातच्या पोटातून मात्र आडवी रेघ गेलेली असते. मग '११ मे'चा वाढदिवस '७७ मे' असा वाचला जातो. पुढच्या ओळीत मैत्रिणीने आनंदाने कळवलेलं असतं, की गणितात १ मिळाला. ते वाचून सगळी हळहळतात. जर्मन शाळांत १ ही सर्वांत वरची श्रेणी आणि ६ सर्वांत खालची, हे कळलं की अभिनंदन कसं लिहायचं ते विचारायला माझ्याभोवती गर्दी होते.

मी पुण्यात शाळकरी मुलांना जर्मन शिकवते. ही गर्दी मला फार मोलाची वाटते. परीक्षेत 'माझे कुटुंब' या विषयावर दहा वाक्यं लिहिणाऱ्या मुलाला पक्कं ठाऊक असतं, की बाईंना त्याच्या कुटुंबात नव्हे, त्याच्या क्रियापदांत रस आहे. पत्रमित्राला खरोखरच जाणून घ्यायचं असतं. त्याला आपलं घर, शाळा, सण यातलं काहीच माहीत नसतं, म्हणून मुलाला नीट सांगावंच लागतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हे फार छान दिसतं. अंगणात केलेल्या किल्ल्याबद्दल लिहायचं असतं आणि पाठ्यपुस्तकात त्याचं एकही वाक्य नसतं. माती, पोतं, पेरलेली मोहरी, मावळे, वर सिंहासनावर महाराज, हे सगळं जर्मनमध्ये सांगायचं कसं? त्यात जर्मन भूतकाळात क्रियापदाचा एक तुकडा वाक्यात दुसऱ्या जागी बसतो आणि दुसरा थेट शेवटी जातो. 'इश हाबे आइने बुर्ग गेबाउट', म्हणजे मी किल्ला बांधला. फळ्यावर हा नियम अनेकदा लिहूनही मुलं विसरतात. पण स्वतःच्या किल्ल्याबद्दल लिहिताना घोटवलेलं वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं.

पत्रमैत्रीतून भाषा शिकण्याची ही कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला द्रागिन्यां या गावात इंग्रजी शिकवणारे पोल मियेय यांनी १८९७ च्या सुमारास शाळांमधल्या आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहाराचा पुरस्कार केला. लंडनमध्ये 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज'चे संपादक विल्यम स्टेड यांनी ती कल्पना उचलून धरली, तर लाइपझिगमध्ये मार्टिन हार्टमान यांनी जर्मन बाजू सांभाळली. एकदा स्वतःच्या भाषेत, एकदा मित्राच्या भाषेत लिहायचं आणि एकमेकांच्या चुका सुधारायच्या, अशी ती पद्धत होती. दोन महायुद्धांनंतर, २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्स आणि जर्मनीने मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या तरुणांसाठी संयुक्त संस्था उभी राहिली. ज्यांचे आजोबा एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते, ती मुलं एकमेकांची भाषा शिकू लागली. युरोपातल्या शाळांना संगणकावरून जोडणारा 'ई-ट्विनिंग' उपक्रम २००५ साली आला. जर्मनीने २००८ मध्ये जगभरातल्या शाळांशी भागीदारीची योजना सुरू केली. तिच्यात भारतातल्याही शाळा आहेत.

आमच्या पत्रव्यवहारात देवाणघेवाण बरोबरीची होते. जर्मन मुलं मराठी शिकत नाहीत, पण इंग्रजी शिकतात आणि आपली मुलं इंग्रजीत सहज लिहितात. म्हणून पत्र अर्धं जर्मन, अर्धं इंग्रजी असतं. दोघांपैकी कुणीच कायमचा कच्चा राहत नाही. एका पानावर जो शिकतो, तोच दुसऱ्या पानावर शिकवतो. मुलांचा धीर यानेच वाढतो.

पत्रव्यवहार टिकतो तो मात्र दोन्हीकडच्या शिक्षकांच्या नियोजनावर. आपली मे महिन्याची सुट्टी संपते, तेव्हा तिकडे वर्षअखेरीची घाई असते. मग त्यांची सहा आठवड्यांची उन्हाळी सुट्टी लागते आणि ती प्रत्येक राज्यात वेगळ्या तारखांना असते. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून पत्रांच्या तारखा आधीच ठरवाव्या लागतात. आपला वर्ग मोठा, त्यांचा लहान. म्हणून इकडच्या दोघांना मिळून तिकडचा एक मित्र द्यावा. सगळ्यांना उत्तर आलं आणि एकालाच आलं नाही, असं होऊ देऊ नये. ते मूल पुन्हा मनापासून लिहीत नाही. पत्रं शाळेच्याच पत्त्यावर यावीत, घरचा पत्ता आणि फोन नंबर त्यात नसावा. आणि शिक्षकांनी लाल पेन आवरावं. अर्थ अडेल तेवढीच चूक सुधारावी, बाकीचं मित्र सुधारतो. सगळं दुरुस्त केलेलं पत्र बाईंचं होतं, मुलाचं राहत नाही.

मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, की परदेशी भाषेच्या तासांतला महिन्यातून एक तास पत्रासाठी राखून ठेवावा आणि त्याला गुण देऊ नयेत. पालकांनीही 'याचे मार्क किती?' असं विचारण्यापेक्षा 'काय लिहिलंस?' असं विचारावं आणि ते मराठीत ऐकून घ्यावं. आपल्याला काय सांगायचं आहे हे ज्या मुलाला नेमकं कळलंय, त्याला व्याकरण शिकवायला वेळ लागत नाही.