प्रौढांच्या गुरुजींची शाळा

सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे सिंथिया फॅरार यांच्याकडे व पुण्यास नॉर्मल स्कुलात अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले, आणि १८५५ साली जोतीरावांसह, दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा उघडली. म्हणजे महाराष्ट्रातील प्रौढशिक्षणाच्या अगदी उंबरठ्यावरच एक प्रशिक्षित शिक्षिका उभी होती. त्यानंतर मोहिमा निघाल्या, परिपत्रके सुटली, अंदाजपत्रकांत तरतुदी झाल्या. परंतु ज्याने अंगठा उठवणाऱ्या हाताला अक्षर शिकवावयाचे, त्या शिक्षकाला कोणी, किती दिवस आणि काय शिकवावयाचे, हा प्रश्न बहुतेक प्रत्येक वेळी वेळ उरला तर घेण्यासाठी म्हणून मागे ठेवला गेला, आणि माझ्या मते आपल्या साक्षरतेच्या यशापयशाचे मर्म याच दुर्लक्षित कलमात आहे.

१९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाल्यावर प्रौढशिक्षणाला सरकारदरबारी स्थान मिळाले आणि १९३९ मध्ये मुंबई शहरासाठी स्वतंत्र समिती नेमली गेली. फिलिपीन्समध्ये चित्र, शब्द व अक्षर यांची सांगड घालणारे तक्ते ज्यांनी बसवले, ते फ्रँक लॉबाक याच दशकात हिंदुस्थानात येऊन गेले होते, आणि एकाने एकाला शिकवावे हा त्यांचा मंत्र इकडे तोंडोतोंडी झाला. मंत्र उदार खरा. पण ज्याला वाचता येते त्याला शिकवताही येतेच, हा समजही त्याच्या पाठोपाठ घरात शिरला, तो अद्याप हटलेला नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावेच्या गावे ईर्ष्येने पाटीला लागली व ग्रामगौरवाचे समारंभ झाले; त्या उत्साहाविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते, की दिवसा पोरांना शिकवून थकलेले गुरुजी रात्री तीच बाराखडी त्याच सुरात पोरांच्या बापांपुढे मांडीत, आणि समारंभाचे तोरण सुकले तसे पुष्कळांचे अक्षरही पुसले गेले.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पंधरा ते पस्तीस वयोगटातील दहा कोटी निरक्षर हे त्याचे उद्दिष्ट होते. या वेळी मात्र वाचनमाला व प्रशिक्षण यांची जबाबदारी घेणारी साधनकेंद्रे राज्याराज्यांत उभी करण्यात आली; आपल्याकडे जे. पी. नाईक यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या आणि पुढे पुण्यास आलेल्या भारतीय शिक्षण संस्थेने हा भार उचलला. दहा वर्षांनी, ५ मे १९८८ रोजी, राष्ट्रीय साक्षरता मिशनचा आरंभ झाला. केरळातील एर्नाकुलम जिल्हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी संपूर्ण साक्षर घोषित झाला, आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे आरंभीच त्या वाटेने गेले. तीन वाचनपुस्तिका, सुमारे दोनशे तासांचा अभ्यास आणि स्वतःची प्रगती स्वतः तपासण्याची सोय अशी ही विचारपूर्वक केलेली आखणी होती. तिच्यासाठी साधनव्यक्तींनी मुख्य प्रशिक्षकांना, मुख्य प्रशिक्षकांनी स्वयंसेवकांना आणि स्वयंसेवकांनी प्रत्येकी दहा प्रौढांना शिकवावे, अशी उतरंड रचली गेली. परंतु पाटाचे पाणी सोडताना जोराचे असले, तरी शेपटाच्या वावराला ओल लागेपर्यंत त्याचे काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी चार दिवस चाललेली चर्चा गावच्या पोरापर्यंत पोचली ती एका दुपारच्या सूचनांच्या रूपाने.

आणि शिकावयाचे तर पुष्कळ असते. चाळिशी उलटलेल्या माणसाला कंदिलाच्या उजेडात बारीक ठसा दिसत नाही, म्हणून तो मठ्ठ नसून त्याला चष्मा हवा आहे. खुरपे धरून घट्टे पडलेल्या बोटांना पेन्सिल फार हलकी लागते, म्हणून आधी जमिनीवर खडूने मोठाल्या रेघा ओढू द्याव्यात. मुळाक्षरे अ-आ-इ-ईच्या क्रमाने न घेता वळणाच्या सारखेपणाने, ग-म-भ-न अशी, घेतली तर दुसऱ्याच दिवशी शब्द हाती लागतो. आणि जोडाक्षरांपाशी पुष्कळजण वर्ग सोडतात, म्हणून तेथे घाई करू नये. ही सगळी विद्या आहे, आणि ती शिकवल्यावाचून येत नाही. ब्राझीलच्या आंगिकोस गावी १९६३ साली तीनशे प्रौढांना चाळीस तासांत वाचावयास शिकवण्याचा प्रयोग करणारे पावलो फ्रेरे सांगत असत, की शिक्षकाला तंत्र देणे सोपे असते. समोरच्या माणसाशी बरोबरीने बोलण्याची वृत्ती त्याच्या ठायी रुजवणे कठीण.

ती वृत्ती रुजताना मी एकदा पाहिली. एका तालुक्याच्या गावी स्वयंसेवकांच्या शिबिरास मी दोन दिवस बसलो होतो. सेवानिवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या प्रशिक्षिकाबाईंनी व्याख्यानाऐवजी फळ्यावर एका जुन्या खरेदीखताची मोठी प्रत लावली आणि म्हणाल्या, "वाचा बरं." खत मोडीत होते. समोर पंचवीस तरुण-तरुणी, बहुतेक पदवीधर. कोणाच्याही तोंडून शब्द फुटेना. बाई टेबलावर छडी आपटीत, "लवकर, वेळ नाही आपल्याला," असे दरडावीत राहिल्या. शेवटी एका मुलाने धीर करून काहीतरी अंदाजाने वाचले, तशी मागची मंडळी हसली आणि तो कानापर्यंत लाल झाला. मग बाईंनी छडी खाली ठेवली व ते खत सावकाश वाचून दाखवले. विहीर, बांध, चतुःसीमा, आंब्याचे झाड. एकही शब्द कोणाला अनोळखी नव्हता. "भाषा तुमचीच होती, अक्षर तेवढं परकं," त्या म्हणाल्या, आणि त्या मुलाला विचारले, "हसले तेव्हा काय वाटलं रे तुला?" तो थोडा वेळ गप्प राहिला. "पाणी प्यायला म्हणून बाहेर जावंसं वाटलं, बाई."

प्रौढशिक्षकाच्या प्रशिक्षणाचा याहून नेमका पाठ माझ्या पाहण्यात नाही. तो द्यावयास पैसा फारसा लागत नाही. लागतो तो अनुभवी माणूस आणि सवड, आणि नेमकी तीच आपण देत नाही. ८ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेल्या साक्षर भारत कार्यक्रमात गावोगाव दोन प्रेरक नेमून त्यांना दरमहा दोन हजार रुपये मानधन ठरले. २०२२ ते २०२७ या मुदतीच्या नव्या कार्यक्रमात पाच कोटी प्रौढांचे उद्दिष्ट असून शिकवणारे विनामोबदला स्वयंसेवक आहेत व त्यांच्यासाठीचे धडे मोबाइलवर मिळतात. धडा कितीदाही उघडता येतो, ही सोय मोठी आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु दरडावले गेल्याची लाज पडद्यावरून शिकता येत नाही, आणि सेवाभावाने आलेल्या माणसाला अपुऱ्या तयारीने वर्गावर उभे करणे हा त्याच्यावर व त्याच्या विद्यार्थ्यांवर दुहेरी अन्याय होय.

शिबिरानंतर महिन्याभराने त्याच मुलाचा वर्ग पाहावयास मी रात्री गेलो. मंदिराच्या ओवरीत नऊ बाया बसल्या होत्या. संख्यावाचन चालले होते आणि एका आजींची पाळी येताच त्या पाटी उलटी ठेवून उठल्या, "पानी पिऊन येते," म्हणाल्या. मुलाने हातातले पुस्तक मिटले आणि त्यांच्याबरोबर माठापर्यंत जात सहज विचारले, "आजी, यंदा अंडी किती विकली बाजारात?"

"दोन इसा आन् तीन."

तो तेथेच ओट्यावर टेकला, आजींना शेजारी बसवून घेतले, आणि खडूने फरशीवर मोठा ४ काढून म्हणाला, "ह्या तुमच्या दोन विसा." मग त्याच्या शेजारी ३ काढला. आजींनी पाण्याचे भांडे बाजूला ठेवले व त्या आकड्यावरून बोट फिरवू लागल्या.