एका वेळी एकच ॲट्रिब्यूट

एक्सएमएल १९९८ साली प्रमाण ठरले आणि दोनच वर्षांत डेटाबेसवाल्यांना त्याच्यासाठी जागा करावी लागली. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये ओपनएक्सएमएल आले, पण तेही वाचण्यापुरते. स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये आलेल्या ऑर्डरचे नुसते स्टेटस बदलायचे तरी मजकुराचीच कापाकापी: पॅटइंडेक्सने जागा शोधायची, स्टफने नवे मूल्य घुसवायचे. त्यात व्हारचारला ८,००० बाइटची मर्यादा. पाठवणाऱ्याने दुहेरीऐवजी एकेरी अवतरणचिन्ह वापरले की सगळे मुसळ केरात.

२००५ च्या आवृत्तीत एक्सएमएल हा स्वतंत्र डेटाटाइप झाला, सोबत मॉडिफाय ही मेथड आली. डब्ल्यू३सीची एक्सक्वेरी तेव्हा पुरी व्हायची होती. २००७ मध्ये ती झाली, पण तीत बदल करण्याची सोयच नव्हती. ती सोय प्रमाण व्हायला २०११ उजाडले. मायक्रोसॉफ्टने वाट न पाहता इन्सर्ट, डिलीट आणि ‘रिप्लेस व्हॅल्यू ऑफ’ स्वतःच जोडले. ते योग्यच झाले, पण घाईच्या खुणा राहिल्या.

‘रिप्लेस व्हॅल्यू ऑफ’ एका वेळी एकच नोड बदलते. ऑर्डरमधल्या सगळ्या ओळींचा दर बदलायचा तर व्हाइल लूप फिरवा. मॉडिफायला दिलेली एक्सक्वेरी थेट लिहिलेलीच हवी. नवे मूल्य एसक्यूएल व्हेरिएबलमधून देता येते, पण पाथ नाही. म्हणून ॲट्रिब्यूटचे नाव पॅरामीटरमधून येणार असेल, तर लोकल-नेमची कसरत किंवा डायनॅमिक एसक्यूएल. सगळ्यांत फसवे हे, की ते ॲट्रिब्यूट मुळात नसेल तर काहीच घडत नाही, एररसुद्धा येत नाही! आधी एक्झिस्टने तपासा, नसेल तर इन्सर्ट करा. शिवाय प्रोसिजर बनवताना कोटेड आयडेंटिफायर बंद असेल, तर ती तशीच सेटिंग घेऊन बसते आणि चालवताना कोसळते. एसक्यूएलसीएमडीमध्ये ते मुळातच बंद असते, त्यामुळे टेस्टिंगला धडधाकट असलेली प्रोसिजर प्रॉडक्शनवर पडली की आधी तिथेच पाहावे.

ओरॅकलचा रस्ता वेगळा. त्यांचे अपडेटएक्सएमएल हे फंक्शन वापरायला सुटसुटीत होते, पण १२सी मध्ये त्यांनीच ते कालबाह्य ठरवून एक्सक्वेरी अपडेटची वाट दाखवली.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ ला थोडी डागडुजी झाली: एक्सएमएल व्हेरिएबल थेट इन्सर्ट करता येऊ लागले. पुढे लक्ष जेसनकडे वळले. २०१६ मध्ये जेसन_मॉडिफाय आले आणि पुढच्याच वर्षी त्याला व्हेरिएबलमधून पाथ देण्याची मुभा मिळाली. मॉडिफायला ती अजून मिळालेली नाही.