सळईवर औषधाचा लेप

हाड मोडलं म्हटलं की प्लास्टर आणि डिंकाचे लाडू, एवढंच आपल्या डोक्यात येतं. पण मोडलेलं हाड कातडी फाडून बाहेर आलं की प्रकरण निराळंच! गेल्या पावसाळ्यात माझे धाकटे दीर मोटारसायकलवरून घसरले. नडगीचं हाड बाहेर आलेलं. जमलेल्यांपैकी कुणीतरी मायेनं जखमेत हळद भरली. ती हळद आणि चिखल धुऊन काढायलाच डॉक्टरांचा बराच वेळ गेला.

अशा ओपन फ्रॅक्चरमध्ये खरी भीती जंतूंची असते. आत बसवलेल्या सळईवर ते चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. न घासलेल्या माठात धरतो ना, तसाच. धातूत रक्त खेळत नाही, मोडलेल्या हाडाचाही रक्तपुरवठा तुटलेला. मग शिरेतून दिलेलं औषध तिथं पोचणार कसं?

म्हणून औषध सळईवरच चढवायचं. हॅम्बुर्गचे डॉ. बुखहोल्त्स यांनी १९७०च्या सुमारास कृत्रिम सांध्याच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळलं होतं. पुढं २००५च्या सुमारास युरोपात नडगीसाठी जेंटामायसिनचा पातळ लेप दिलेल्या तयार सळया आल्या. जिथं हवं तिथं भरपूर औषध, रक्तात मात्र थोडंच. त्यामुळे मूत्रपिंड आणि कान यांना धोका कमी.

आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर हा लेप ऑपरेशनच्या टेबलाशीच करतात. सिमेंटच्या पुडीत औषधाची पूड मिसळून ते प्लास्टिकच्या नळीत भरायचं, मधे बारीक सळई खुपसायची, घट्ट झालं की नळी कापून काढायची. थेट कुल्फीच! फक्त हे सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं, म्हणून उष्णतेनं न बिघडणारंच औषध लागतं.

आमच्या दिरांना अशीच सळई घातली. काही महिन्यांनी ती काढून जाड सळई बसवायला दुसरं ऑपरेशन झालं, खर्चही दोनदा. पण पाय वाचला. लेपामुळे का, असं मी विचारलं, तर डॉक्टरांनी आधी जखम धुण्याचं आणि लवकर दिलेल्या इंजेक्शनचं नाव घेतलं, मग लेपाचं.

तेव्हा बायांनो, हळद डब्यातच राहू द्या. जखमेवर स्वच्छ कोरडं कापड ठेवा, रक्त वाहत असेल तर दाबून धरा. हाड आत ढकलू नका, पाय फळीला बांधून हलू देऊ नका आणि १०८ला फोन करा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण ठेवा. आणि हो, धीर यावा म्हणून चहा पाजू नका. पुढं भूल द्यायची असते.