महामारी आणि पक्षाघाताचा उपचार

मेंदूस रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकली, म्हणजे उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटास सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात. म्हणूनच गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या मुदतीत शिरेवाटे द्यावे, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे.

2020 च्या मार्चअखेरीस अमेरिकेत कोविडची साथ फैलावली, तेव्हा आठशेहून अधिक रुग्णालयांत पक्षाघाताच्या संशयावरून होणाऱ्या मेंदूच्या प्रतिमा-तपासण्या फेब्रुवारीच्या मानाने 39 टक्क्यांनी उतरल्या. व्याधी ओसरली होती असे मात्र नव्हे; संसर्गाच्या धास्तीने, विशेषतः सौम्य लक्षणे असलेल्या अनेकांनी रुग्णालयाची पायरी चढणेच टाळले, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

जे पोहोचले, त्यांच्याही वाट्यास विलंब आला. डॉक्टर व परिचारिका संरक्षक पोशाख चढवीत, सीटी स्कॅनची खोली निर्जंतुक होईपर्यंत स्ट्रेचर थांबे, आणि नातेवाइकांस दरवाजाशीच मज्जाव असल्याने, रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ही उपचाराचा निर्णय ठरविणारी साक्षच हाती लागत नसे.

तात्पर्य, साथ असो वा नसो, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळू लागले, तर महाराष्ट्रातील वाचकांनी क्षणाचाही विचार न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.